‘सानाबी’ घेऊ का? खेळलेल्यांची मतं कशी वाचावीत

पीसी जोडून घ्यायला किंवा लॅपटॉपची रॅम वाढवायला आलेली मंडळी काम होईपर्यंत काउंटरपाशी रेंगाळतात आणि मग हळूच विषय काढतात. तो साखळीला लोंबकळत जायचा कोरियन गेम घेऊ का? रिव्ह्यू तर एकाहून एक आहेत. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पत्रक. आम्ही गेम विकत नाही. तुम्ही घेतलात काय नि नाही घेतलात काय, आमच्या गल्ल्यात फरक पडत नाही. तेव्हा निर्धास्त वाचा.

गेम काय आहे

‘सानाबी’ हा दक्षिण कोरियातल्या वंडर पोशन या छोट्या चमूचा गेम. निओविझने प्रकाशित केला. जून २०२२ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे अर्धा तयार असताना विक्रीला आला आणि ९ नोव्हेंबर २०२३ ला पूर्ण झाला. पीसीसाठी स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात मिळतो, निन्टेंडो स्विच या गेमच्या यंत्रावरही आहे. निवृत्त झालेला एक नावाजलेला फौजी, त्याचा यांत्रिक हात, त्या हातातून सुटणारी साखळी. मागो नावाच्या बलाढ्य कंपनीच्या शहरातली माणसं नाहीशी झाली आहेत आणि हा आपला सूड घ्यायला तिथे उतरतो. निऑनचे दिवे, ढगात गेलेल्या इमारती, कोरियन पाट्या, यंत्रमानव, आणि या सगळ्यात नायकाच्या डोक्यावर मात्र जुन्या कोरियन पद्धतीची रुंद काठाची काळी टोपी. चित्रं सगळी पिक्सेलची, म्हणजे जुन्या गेमसारखी ठळक चौकोनी ठिपक्यांची. सायबरपंक, म्हणजे यंत्रं आणि बलाढ्य कंपन्यांच्या ताब्यातलं अंधारं भविष्य, म्हटलं की टोकियोसारखं काहीतरी काढून मोकळं व्हायची पद्धत आहे. इथे ते झालेलं नाही, आणि ही गोष्ट खेळणाऱ्यांना आवडलेली दिसते.

टक्केवारीचा घोळ

स्टीमवर तारे नसतात, दहापैकी गुण नसतात. अंगठा वर किंवा अंगठा खाली, एवढंच. मतं पाचशेच्या वर असली आणि त्यातले ९५ टक्के किंवा जास्त अंगठे वर असले की ‘ओव्हरव्हेल्मिंगली पॉझिटिव्ह’ ही सगळ्यात वरची पाटी लागते. सानाबीला ती आहे. टक्केवारी ४० ते ६९ मध्ये अडकली की ‘मिक्स्ड’ लिहून येतं आणि आपण ते पान तिथेच बंद करतो.

पण हे गुण नव्हेत. पंगतीतून उठणाऱ्या शंभरांपैकी सत्त्याण्णवांनी ‘जेवण चांगलं होतं’ म्हटलं, तर त्यावरून जिलबी कशी होती ते कळत नाही. अंगठा वर करणाऱ्यात गेमवर जीव ओवाळून टाकणारे असतात, तसेच ‘ठीक आहे, पैसे वसूल’ म्हणणारेही असतात. आकडा दोघांना एकाच पोत्यात घालतो.

दुसरी गंमत भाषेची. गेम कोरियातला, त्यामुळे त्यावर कोरियन भाषेतली मतं भरपूर. ऑगस्ट २०२५ पासून स्टीम ज्या गेमवर पुरेशी मतं आहेत त्याचा भाषेनुसार वेगळा निकालही दाखवतं. मराठी त्यांच्या यादीत नाही, तेव्हा आपल्यातल्या कोणी मत लिहिलं तरी ते दुसऱ्याच भाषेच्या खात्यात जमा होतं.

मत नंतर, तास आधी

आमचं मुख्य सांगणं हे. प्रत्येक मताशेजारी त्या माणसाने गेम किती तास खेळलाय आणि मत लिहिलं तेव्हा किती तास झाले होते, हे छापलेलं असतं. आधी ते बघा. तासांनुसार मतं गाळून बघायची सोयही स्टीमवर आहे, कुणी वापरत नाही.

सानाबी पूर्ण करायला साधारण दहा-बारा तास लागतात. ज्याने दीड तासात अंगठा खाली केला, त्याने काय पाहिलं? सुरुवातीचं संथ गावाकडचं घर, नायक आणि त्याची लेक, चालायला-उड्या मारायला शिकवणारा भाग, आणि मग शहरात शिरल्यावरचं थोडंफार. त्याची तक्रार एकच असते: ॲक्शन गेम म्हणून घेतला आणि हे लोक बोलतच बसलेत. ती तक्रार खरी आहे. भर धावपळीत गेम थांबतो, कॅमेरा जवळ जातो, पात्रं बोलायला लागतात, आपण बटण दाबत वाचत राहतो. मारी नावाची हॅकर मुलगी सोबत असते. तिची बडबड काहींना पहिल्या भेटीतच आवडते, काहींच्या डोक्यात जाते.

आता बारा तास खेळलेल्याचं मत बघा. तो साखळीबद्दल एखादं वाक्य लिहितो आणि उरलेलं सगळं कथेबद्दल. रडलो, असं लिहिणारे इतके आहेत की नवीन माणसाला ती थट्टा वाटावी. शिवाय यातले बरेच जण ‘काही वाचू नका, फक्त खेळा’ एवढंच लिहून थांबतात. रहस्य फोडायचं नाही हा त्यांचा सभ्यपणा झाला, पण विकत घ्यावं की नाही हे ठरवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. जी बडबड दीड तासवाल्याला नकोशी झाली, तिच्यावरच बारा तासवाल्याचं रडू उभं आहे, हे लक्षात घेतलं की दोघांचं भांडण मिटतं. पुढची कथा आम्हीही सांगणार नाही.

सगळ्यात कामाची मतं चार ते आठ तासवाल्यांची. साखळी हाताला बसलेली असते आणि शेवटाने अजून मन विरघळवलेलं नसतं. कुठल्या टप्प्यात तोच तो प्रकार येतो, कुठला बॉस (टप्प्यातला मोठा शत्रू) अन्याय करतो, कुठे संवाद लांबलाय, हे तेच सरळ सांगतात. नोव्हेंबर २०२३ च्या आधीची मतं मात्र सरळ सोडून द्या. त्यावर अर्ली ॲक्सेसचा शिक्का असतो. ती अपुऱ्या गेमविषयी आहेत, आणि कथेचा जीव शेवटात आहे.

साखळीबद्दल सगळ्यांचं एकमत का

कथेवर मतभेद आहेत, साखळीवर जवळपास नाहीत. म्हणून ती कशी चालते ते जरा बारकाईने.

माऊसचा काटा छतावर न्यायचा आणि बटण दाबायचं. हात साखळीसकट सुटतो आणि तिथे पकड घेतो. बटण धरून ठेवलंत तोवर लोंबकळता, सोडलंत की झोक्याच्या जोराने फेकले जाता. सगळं कसब सोडण्याच्या क्षणात आहे. झोका वर चढत असताना, टोकाला पोचायच्या जरा आधी सोडलं तर लांब जाता. टोकाला गेल्यावर सोडलं तर वेग संपलेला असतो आणि तुम्ही दगडासारखे खाली. शत्रूवरही हाच हात. अडकवला की तुम्ही त्याच्याकडे ओढले जाता आणि तिथल्या तिथे त्याचा निकाल लागतो. त्याला संपवून हवेतूनच पुढच्यावर नेम धरायचा, मग छत, मग आणखी एक, आणि जमिनीला पाय न लावता अख्खी खोली रिकामी करायची. एकदा हे जमलं की माणूस घड्याळ बघत नाही.

पहिला तासभर मात्र डोळे एकीकडे आणि बोटं दुसरीकडे. नेम नायकाकडे बघून धरायचा नसतो, पुढे जिथे जायचंय तिथे नजर ठेवायची असते. आमच्या मशीनवर बसलेल्यांना आम्ही एवढी एकच टीप देतो आणि बाजूला होतो. अडचणीच्या पायऱ्या निवडता येतात, तेव्हा उगाच वरची पायरी निवडून माऊस आपटू नये. माऊस आमचा असतो.

कंट्रोलर (दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र) की माऊस, असंही विचारतात. एरवी असल्या उड्यांच्या गेमला आम्ही डोळे मिटून कंट्रोलर सांगतो. इथे माऊस. साखळीचा नेम कोणत्याही दिशेला धरावा लागतो आणि अंगठ्याखालच्या काडीने ते तितक्या झटपट होत नाही. ‘कंट्रोल्स बेकार’ असं मत दिसलं तर तो माणूस कशावर खेळला ते आधी शोधा.

‘कटाना झीरो’शी तुलना

दोन मतांआड हे नाव येतंच. आस्कीसॉफ्टचा हा गेम डेव्हॉल्व्हर डिजिटलने १८ एप्रिल २०१९ ला आणला. तोही पिक्सेलचा, तोही अंधारा, निऑनचा, त्यातही कथा डोक्याला भुंगा लावणारी. पण हाताला दोन्ही अगदी वेगळे. कटाना झीरोत एक वार लागला की तुम्ही मेलात आणि एक वार घातलात की समोरचा मेला. काळ मंद करता येतो, गोळी तलवारीने परतवता येते. मेलात की त्याच खोलीत लगेच नव्याने. संवाद तिथेही आहेत, पण समोरचा बोलत असताना मध्येच त्याला तोडायची मुभा आहे, आणि त्याचा परिणाम पुढे दिसतो. सानाबीतल्या बोलण्याने वैतागणाऱ्यांना तो म्हणून सुटसुटीत वाटतो.

पाच-सहा तासांत संपतो. शेवट अर्धवट सोडल्यासारखा आहे ही त्याच्याबद्दलची जुनी तक्रार, आणि ती आम्हाला पटते. कामावरून आल्यावर अर्धा तास मिळतो, अशा हिंजवडीकरांना आम्ही आधी कटाना झीरो सुचवतो. शनिवार-रविवार मोकळा असेल आणि वाचायचा कंटाळा नसेल तर सानाबी. वाचायचं सगळं इंग्रजीतून, मराठी नाही.

‘धूसर दिसतो’, ‘हळू चालतो’

ही दोन मतं गेमविषयी कमी आणि घरच्या स्क्रीनविषयी जास्त असतात. हा आमचा प्रांत, म्हणून थोडं सविस्तर.

अनेक पिक्सेल गेम आतून ६४० बाय ३६० च्या चौकटीत काढलेले असतात. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर ही चौकट बरोबर तिप्पट होते, २५६० बाय १४४० वर चौपट. प्रत्येक ठिपका सारखा मोठा होतो, चित्र लख्ख. पण जुन्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ बाय ७६८ ची असते. तिथे पट येतो दोनपेक्षा किंचित जास्त. मग काही ठिपके दोन घरांचे, काही तीन घरांचे, आणि कॅमेरा सरकला की कडा लुकलुकतात. गेममध्ये किंवा ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये ‘इंटिजर स्केलिंग’ (चित्र फक्त पूर्ण पटीत मोठं करायची सोय) असेल तर चालू करा. कडेला काळी पट्टी येईल, पण चित्र खणखणीत दिसेल.

‘हळू चालतो’ म्हणणाऱ्यांनी आधी टीव्हीचा गेम मोड लावलाय का ते बघावं. सिनेमासाठी चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्ही प्रत्येक चित्र थोडं अडवून ठेवतो. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. टीव्हीने चार-पाच चित्रांचा उशीर केला की झोका सोडायचा नेमका क्षण हुकलाच. त्याचा राग गेमवर निघतो आणि अंगठा खाली जातो.

आणि पिक्सेल आहे म्हणजे कुठल्याही डबड्यावर चालेल, हा गैरसमज काढून टाका. प्रकाश, धूर, ठिणग्या यांचं काम ग्राफिक्सवरच पडतं. स्टीमच्या पानावर खाली लागणारं हार्डवेअर दिलेलं असतं. ते आणि तुमच्या लॅपटॉपचं मॉडेल घेऊन या, चालेल का ते आम्ही फुकट सांगतो.

पालकांसाठी

चित्रं लहान मुलांच्या जुन्या गेमसारखी दिसतात म्हणून दहा वर्षांच्या नातवाला वाढदिवसाला देऊ नका. कटाना झीरोत रक्तपात आणि अमली पदार्थ कथेच्या मध्यभागी आहेत, अमेरिकेतलं त्याचं वयाचं मानांकन १७ वर्षांवरच्यांसाठीचं आहे. सानाबीतही मारामारी आहेच, शिवाय एका बापाचं दुःख आहे जे लहान मुलाला कळणार नाही आणि मोठ्याला जड जाईल. आजी-आजोबा दुकानात येऊन विचारतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

पैसे परत कधी मिळतात

स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मागता येतात. गेम चालू ठेवून चहाला गेलात तरी घड्याळ चालू असतं. सानाबीची सुरुवात संथ असल्यामुळे हे दोन तास कसे गेले ते कळत नाही, म्हणून आमचा सल्ला असा: शहरात शिरल्यावर साखळीने पहिल्या दोन-तीन मोकळ्या जागा पार करा आणि तिथेच थांबून ठरवा. झोका सोडताना मजा आली नसेल तर कथेच्या आशेवर पैसे अडकवू नका. घाई नसेल तर जूनअखेरच्या किंवा डिसेंबरच्या सेलपर्यंत थांबा.

आमच्याकडे

मागच्या बाजूला दोन मशीन तासावर मिळतात. खातं तुमचं, मशीन आमचं. पासवर्ड आम्हाला सांगायचा नाही, मोबाइलवरच्या स्टीम ॲपने कोड स्कॅन करून लॉग-इन करा आणि उठताना आठवणीने लॉग-आउट. इथे खेळलेला वेळही तुमच्याच खात्यात धरला जातो, म्हणजे वरचे दोन तास इथेही मोजले जातात.

हेडफोन स्वतःचे आणा. सानाबीच्या संगीताचं कौतुक सगळेच करतात, पण गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीकाठी ढोलपथकांचा सराव रंगात असतो आणि संध्याकाळी आमच्या स्पीकरचं काही चालत नाही. साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, कारण दुरुस्तीसाठी वीज जायचा वारही बहुधा तोच. लॅपटॉप तपासायला आणणाऱ्यांनी चार्जर सोबत आणावा, प्रत्येक कंपनीचा चार्जर आमच्याकडे नसतो.