शुगर वाढण्यापेक्षा उतरण्याची भीती, अन् त्या गोळीची जुनी गोष्ट

लातूरकडच्या एका वृद्धाश्रमात माझं येणंजाणं असतं. आषाढी एकादशीच्या दुपारी गेलो तर एक आजी दाराची चौकट धरून उभ्या, अंगाला दरदरून घाम. आजी काय होऊ लागलंय विचारलं तर म्हणे, "काही नाही रे बाबा, गरगर करायलंय." उपास निरंकार, पण शुगरची गोळी सकाळी नेमानं घेतलेली. मशीनवर शुगर ५२, म्हणजे फारच उतरलेली.

आजींची गोळी ज्या जातीची, त्या सल्फोनिलयुरिया गोळ्या आल्या कुठून ते बघा. १९४२, फ्रान्समधलं माँपेलिए शहर, युद्धाचे दिवस. मार्सेल जानबाँ हे डॉक्टर टायफॉइडच्या पेशंटना सल्फा जातीचं एक नवं औषध देत होते, पेशंट आधीच खंगलेले, अन् त्यांची शुगर एकदम खाली जायला लागली, काही तर दगावले. मग लुबातिएर या संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं की हे औषध स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर काढायला लावतं. म्हणजे उपाशी अशक्त माणसाची शुगर पाडते हा गुण आधी कळला, डायबेटिसची गोळी म्हणून ती विकायला आली १९५० नंतर! पुढं त्यातलीच ग्लिबेनक्लामाइड आली, स्वस्त, म्हणून आपल्याकडं घरोघरी गेली, पण किडनी थकली की ती अंगातून लवकर निघत नाही.

मधल्या काळात डॉक्टर अन् पेशंट सगळेच आकडा खाली आणायच्या मागं लागले. १९९८ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की शुगर आटोक्यात ठेवली तर डोळे-किडनी वाचतात, पण ते पेशंट नव्यानं डायबेटिस झालेले, ऐंशीच्या आजी नव्हेत. २००८ मध्ये अमेरिकेत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ६ च्या खाली न्यायचा प्रयोग मृत्यू वाढल्यामुळं थांबवावा लागला. म्हाताऱ्यांना कोणती औषधं टाळावीत ते सांगणारी अमेरिकेतली बीअर्स यादी असते, तिच्यात २०१२ मध्ये ग्लिबेनक्लामाइड टाळा असं आलं, अन् २०१६ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं वृद्धाश्रमांसाठी वेगळं लिहिलं, की इथं आकडा गाठण्यापेक्षा शुगर लो होऊ न देणं महत्त्वाचं. त्यात शुगर लो झाली तरी म्हाताऱ्यांना कधीकधी घाम-थरथर येतच नाही, नुसतं असंबद्ध बोलतात, अन् आपण म्हणतो म्हातारचळ लागला.

आजी शुद्धीवर होत्या म्हणून पाण्यात तीन चमचे साखर घालून पाजली (शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ठसका लागून जीव जातो), पंधरा मिनिटांनी ८१. भाकरीला नाही म्हणाल्या, भगर खाल्ली. सगळ्यांना वाटलं झालं आता, पण गोळी अजून अंगात काम करतच होती, रात्री नऊला परत ६१. मग गाडी करून तालुक्याला नेलं, रात्रभर ग्लुकोजचं सलाईन.