अन्न सोडलेल्या बिअर्डेड ड्रॅगनची शुश्रूषा

बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला सरडा. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. आपल्याकडे कुंपणावर मान हलवत बसणारा सरडा आणि हा एकाच अ‍ॅगॅमिडी कुळातले. भ्याला किंवा चिडला की याच्या गळ्याखालची काटेरी कातडी फुगून काळी पडते, तीच त्याची दाढी. ऑस्ट्रेलियातून अशा प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीला बंदी असल्याने इतरत्र पाळले जाणारे ड्रॅगन बहुतेक बंदिवासात जन्मलेल्या पिढ्यांमधले असतात.

या सरड्याने खाणे सोडले की पाळणारा धास्तावतो आणि तोंड उघडून घास भरवू पाहतो. नेमके हेच आधी करू नये. पचनाला लागणारी ऊब सरड्याला बाहेरून घ्यावी लागते. तो राहतो त्या काचेच्या टाकीतली ऊन खाण्याची जागा साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअस आणि दुसरे टोक २५ ते २९ अंश हवे. थंड पडलेल्या सरड्याच्या पोटात गेलेला किडा पचत नाही, तो तिथेच कुजतो. म्हणून पहिली तपासणी सरड्याची नव्हे, ऊब देणाऱ्या दिव्याची. काचेला चिकटवलेला तापमापक तिथल्या हवेचा आकडा सांगतो. सरडा बसतो त्या दगडाचे तापमान वेगळे मोजावे लागते.

यूव्हीबी हा उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार. ते देणारा दिवा डोळ्यांना लख्ख दिसत असला तरी त्यातले यूव्हीबी किरण काळानुसार घटतात, त्यामुळे नळी प्रकारानुसार ६ ते १२ महिन्यांत बदलतात. खिडकीच्या बंद काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी, कारण काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. किरण नाहीत तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडतात. अशा सरड्याचा खालचा जबडा बोटाला रबरासारखा लागतो, पायांची बोटे थरथरतात. चावताच येत नसेल तर तो खाणार कसा? असा जबडा जबरदस्तीने उघडताना मोडू शकतो.

दर उपासामागे आजार असतोच असे नाही. कात टाकताना, नव्या घरी आल्यावर, प्रौढ ड्रॅगन हिवाळ्यात सुस्तावतो तेव्हा भूक मंदावते. फरक वजनात कळतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला ग्रॅममध्ये नोंद ठेवावी. हिवाळी सुस्तीत वजन फारसे हलत नाही. आजारात ते उतरत जाते, डोळे खोल जातात, डोक्यावरचे चरबीचे उंचवटे बसतात. मादी सारखी जमीन उकरत असेल आणि अंडी न घालताच गळून पडली तर अंडी अडकली असण्याची शक्यता असते. अशा वेळी वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

शुश्रूषेत ऊब, मग पाणी, मग अन्न हा क्रम मोडू नये. नाकाच्या टोकावर पाण्याचा थेंब सोडला की पुष्कळ सरडे तो चाटून घेतात. कोमट, उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवता येते, पण आधाराला हात जवळच ठेवून. अशक्त सरडा वीतभर पाण्यातही बुडतो. पातळ अन्न सिरिंजने द्यायचे तर मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी, कारण बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न घातक ठरते. न खाल्लेले रातकिडे संध्याकाळी टाकीतून काढावेत. रात्री तेच किडे निपचित सरड्याची बोटे आणि पापण्या कुरतडतात.

सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जाताना ताजी विष्ठा डबीत न्यावी. कॉक्सिडियासारखे परजीवी सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतात. तोंडातली सूज, वाळू गिळून आतडे तुंबणे ही आणखी कारणे. औषध अंदाजाने देऊ नये. निरोगी दिसणारा सरडाही माणसाचे पोट बिघडवणारे साल्मोनेला जिवाणू बाळगू शकतो, त्यामुळे हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याची भांडी ओट्यावर घासू नयेत.