सकाळच्या धुराची तक्रार असेल, तर गाडी आदल्या संध्याकाळी आणा

“सकाळी सेल्फ मारला की गाडी भसकन धूर सोडते, अर्धा मिनिट मिसिंग मारते, मग दिवसभर काही त्रास नाही.” जुन्या गाड्यांची ही तक्रार आमच्या गॅरेजमध्ये नेहमी येते. ती सांगणारे ग्राहक बहुतेक वेळा गाडी चालवतच आलेले असतात. तोवर इंजिन तापलेलं असतं. धूर नाही, थरथर नाही, तपासायचं ते हातातून गेलेलं. मग गाडी ठेवून घ्यावी लागते. इंजिन आतून पूर्ण गार व्हायला ६ ते ८ तास लागतात, म्हणजे तो दिवस वाया. “नुसतं बघायला एक दिवस कशाला?” हा प्रश्न आम्हाला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर लिहूनच ठेवावं असं वाटलं.

गाडी रात्रभर उभी असताना इंजिनात गळती चालू असते. व्हॉल्व्हचे सील कडक झाले असतील तर हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, ऑइल थेंब थेंब खाली सिलिंडरमध्ये उतरतं. इंजेक्टर नीट बंद होत नसेल तर त्यातून पेट्रोल ठिबकतं. हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, कमजोर असेल तर कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी पहिल्या सेल्फला हे जे काही साठलंय ते जळतं आणि सायलेन्सरमधून निघून जातं. त्या अर्ध्या मिनिटात सगळा पुरावा संपतो. तुम्ही घरी गाडी सुरू करून आमच्याकडे येता तेव्हा तो पुरावा वाटेतच गेलेला असतो.

धुराचा रंग तुम्हीही पाहू शकता, पण नीट पाहा. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे ऑइल. तो फक्त सुरू करताना काही सेकंद येत असेल, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आल्यावर पुन्हा दाबताना येत असेल, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर आणि व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या गाइडवर. चढावर, जोर लावताना सतत येत असेल तर पिस्टन रिंगकडे बघावं लागतं. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी: गळका इंजेक्टर, तुंबलेला एअर फिल्टर, किंवा गरम इंजिनालाही गार समजणारा टेंपरेचर सेन्सर. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत अडकलेला चोक. पांढऱ्या धुरात मात्र फसगत होते. थंड हवेत दोन-चार मिनिटं विरळ वाफ येते आणि हवेत लगेच विरते, ती निव्वळ पाण्याची वाफ, तिला औषध नको. दाट, रेंगाळणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल आणि टाकीतलं कूलंट कमी होत असेल, तर तो दुखण्याचा धूर. डिझेल गाडीत डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. तिथे आधी गार इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे हीटर प्लग तपासायचे. चारपैकी एकच गेला असला तरी गार इंजिन तेवढ्या सिलिंडरवर अडखळतं.

धूर नसताना नुसता सेल्फ लांबत असेल, तर घरी एक प्रयोग करा. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन करा, दोन सेकंद थांबा, बंद करा. असं दोनदा करून मग सेल्फ मारा. गाडी पटकन सुरू झाली, तर रात्रीतून फ्युएल लाइनचं प्रेशर उतरतंय असं समजा. आम्हाला हे आधी सांगितलंत तर आमचा बराच वेळ वाचतो.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त वेळ जातो ती. गाडी दाखवायला आणण्यापूर्वी लोक स्वतःच उपचार करतात. कुणी जाड ऑइल भरतं, कुणी धूर बंद करणारं औषध ओततं, कुणी चेक इंजिनचा दिवा जावा म्हणून बॅटरीचा टर्मिनल काढून लावतं. जाड ऑइलने धूर काही दिवस दबतो, कडक झालेलं सील तसंच राहतं. टर्मिनल काढल्याने गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा फॉल्ट कोड पुसला जाऊ शकतो आणि तो पडला तेव्हा इंजिन किती गार होतं ही नोंदही जाते. आम्हाला त्या नोंदीची कोडइतकीच गरज असते. कृपया काही ओतू नका, काही काढू नका. कूलंट भरावंच लागलं, तर किती भरलं ते लिहून ठेवा.

आम्ही रात्रीत काय करतो तेही सांगतो, कारण तपासणीचे पैसे वेगळे का, हा पुढचा प्रश्न असतो. संध्याकाळी कूलिंग सिस्टिमला हातपंपाने प्रेशर देऊन ठेवतो. सकाळी सेल्फ मारण्याआधी ते किती उतरलं ते बघतो. बॅटरी मोजतो: उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, आणि सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली घसरली तर आधी तिचाच विचार. मग स्पार्क प्लग काढतो. काळा आणि तेलकट प्लग ऑइलचा, काळा पण कोरडा काजळीचा प्लग जास्त इंधनाचा, आणि बाकीच्यांपेक्षा एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर कूलंटचा. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पिस्टनचा माथा बघतो. एका गाडीचे प्लग आणि कॉइल दुसरीकडे बदलून झाले होते, तरी सकाळची मिसिंग तशीच. आमच्याकडे रात्रभर प्रेशर ठेवल्यावर तिसऱ्या पिस्टनवर कूलंटचा थेंब चमकताना दिसला. तो गरम इंजिनावर कुणालाच दिसला नसता.

गरज वाटली तर कॉम्प्रेशन घेतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजतो. एखाद्या सिलिंडरचं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घेतो. वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. एवढं झाल्याशिवाय “इंजिन कामाला आलंय”, म्हणजे खोलून दुरुस्त करावं लागेल, हे वाक्य आम्ही बोलत नाही, आणि इतर कुणी बोललं तर तपासणी काय केली ते विचारून घ्या. निळा धूर कधी तुंबलेल्या पीसीव्ही व्हॉल्व्हने (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) किंवा खुणेच्या वर भरलेल्या ऑइलनेही येतो. व्हॉल्व्ह सीलसुद्धा अनेक इंजिनांत हेड न उतरवता बदलता येतात: सिलिंडरमध्ये हवेचं प्रेशर धरून व्हॉल्व्ह वर रोखायचे आणि एकेक सील काढायचं. वेळखाऊ काम आहे, आम्ही ते आवडीने करतो. काम आमच्याकडेच करून घेतलंत तर तपासणीचे पैसे बिलातून वजा होतात.

एका बाबतीत मात्र थांबू नका. कूलंट कमी होतंय आणि सकाळी सेल्फ मारताच इंजिन ठक्क करून अडकलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका, ढकलूनही सुरू करू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्हाला फोन करा, गाडी टो करून आणू. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

येताना धूर किती सेकंद टिकतो, गाडी किती तास उभी होती आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल किती भरावं लागलं, एवढं सांगा. मोबाइलवर सायलेन्सरमागून काढलेला व्हिडिओ असेल तर उत्तम. गाडी संध्याकाळी लावा, चावी द्या. सकाळी पहिला सेल्फ आम्ही मारू, आणि तुम्हाला समोर उभं राहून बघायचं असेल तर तुमच्यासाठी थांबू.