लांगदॉकची लाल वाइन: सेंद्रिय आणि ओकविना

ही वाइन दक्षिण फ्रान्समधल्या लांगदॉकची, भूमध्य समुद्राकाठच्या द्राक्षबागांतली. कारिन्यां, ग्रनाश आणि सिरा ही तिथली नेहमीची लाल द्राक्षं.

लेबलवरच्या दोन गोष्टींची सरमिसळ करू नका. सेंद्रिय हा बागेचा आणि वाइन बनवण्याचा नियम आहे. ओकविना म्हणजे वाइन ओक झाडाच्या लाकडी पिंपात न ठेवता स्टीलच्या किंवा सिमेंटच्या टाकीत ठेवलेली. सेंद्रिय वाइन ओकमध्येही मुरवता येते.

त्या भागात त्रामोंतान हा कोरडा वायव्य वारा वाहतो. पानांवरचा ओलावा लवकर वाळतो, म्हणून डाऊनी या ओलाव्यात वाढणाऱ्या बुरशीरोगाचा जोर कमी असतो. तरी फवारणी होतेच: भुरी या पांढऱ्या बुरशीवर गंधक, डाऊनीवर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना. युरोपीय नियमानुसार ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं वापरता येत नाही. तणनाशक अजिबात चालत नाही. जुनी बाग सेंद्रिय ठरण्याआधी ३ वर्षं याच पद्धतीने सांभाळावी लागते.

सल्फाइटबद्दल, म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकाच्या संयुगाबद्दल, स्पष्ट सांगतो. सेंद्रिय कोरड्या लाल वाइनला लिटरमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, साध्या वाइनला १५०. म्हणजे कमी, पण शून्य नाही. ज्यांना सल्फाइटचा त्रास होतो त्यांनी सेंद्रिय म्हणून निर्धास्त राहू नये. अल्कोहोलही इतर वाइनइतकंच असतं.

ओक वाइनला व्हॅनिला, भाजका वास आणि थोडा तुरटपणा देतो. तो नसला की द्राक्ष जसं आहे तसंच जिभेवर येतं, आणि कच्च्या किंवा सडक्या घडांवर पांघरूण घालायला काही उरत नाही. आम्हाला ही वाइन आवडते ती यासाठीच. कारिन्यां मुळात आंबट आणि तुरट. म्हणून अनेक ठिकाणी त्याचे अख्खे घड कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बंद टाकीत ठेवतात. आंबण्याची सुरुवात मण्याच्या आतच होते, सालीतला तुरटपणा कमी उतरतो. तुरटपणा बेताचा असल्यामुळे तिखट मटणाच्या रश्श्याबरोबर ही वाइन ओकमधल्या जड वाइनपेक्षा बरी लागते.

१४ ते १६ अंशांवर प्या. आपल्याकडच्या ३० अंशांच्या खोलीत ती नुसती दारूसारखी झोंबते. आधी दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, घाई असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत १० ते १५ मिनिटं. उघडल्यावर काडेपेटीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका. बंद टाकीत हवा कमी मिळाली की सिराला असा वास येतो. जगमध्ये ओतून अर्धा तास ठेवा, बहुतेक वेळा जातो. तळाशी खड्यांसारखे स्फटिक दिसले तर ते द्राक्षातल्याच टार्टरिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी.

द्राक्षांच्या तोडणीपासून दोन-तीन वर्षांत संपवावी. ठेवून ती सुधारत नाही. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. उन्हात उभ्या गाडीत मात्र बाटली कधीही ठेवू नका: उष्णतेने वाइन फुगून बूच वर ढकलते, हवा शिरते आणि फळाचा वास शिजवलेल्या मुरंब्यासारखा होतो.

भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल तर दोष बुचाचा आहे, आणि तो हवा देऊन जात नाही. अशी बाटली उरलेल्या वाइनसकट परत आणा, बदलून देऊ.