१२० आणि ६२०: फिल्म एकच, स्पूल वेगळं

जुन्या ढंगाचे, कडा किंचित धूसर असलेले चौकोनी फोटो काढायचे म्हणून माळ्यावरचा बॉक्स कॅमेरा खाली येतो, मागचं झाकण उघडतं आणि पहिल्याच पायरीला गाडं अडतं. आत ६२० लिहिलेलं असतं (हा रोल फिल्मच्या प्रकाराचा क्रमांक), दुकानात मिळतो १२०चा रोल. ‘एकच आहे, घाला,’ असं कुणीतरी सांगतंच. ते अर्धंच खरं आहे.

फिल्म खरोखर एकच. रुंदी तीच, लांबी तीच, फिल्मच्या पाठीला लागून गुंडाळलेला कागद तोच आणि त्यावरचे फ्रेमचे आकडेही त्याच जागी. कोडॅकने १२० आणला १९०१मध्ये. तेव्हा स्पूलचा, म्हणजे फिल्म गुंडाळायच्या रिळाचा, दांडा लाकडी असे. १९३१मध्ये तीच फिल्म बारीक दांड्याच्या, पूर्ण धातूच्या स्पूलवर गुंडाळून ६२० निघाला. १२०च्या स्पूलच्या टोकाला असलेल्या चकतीचा व्यास साधारण २५ मिमी भरतो, ६२०चा साधारण २३. कॅमेऱ्याची चावी जिथे अडकते ती खाचही ६२०ला लहान. कोडॅकने १९९५मध्ये ६२० बंद केला, १२० आजही बनतो. म्हणून ६२०च्या कॅमेऱ्यात सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे आतलं रिकामं धातूचं स्पूल. कॅमेरा विकत घेताना आधी ते आहे का पाहा.

नावावर विसंबू नका. ब्राउनी (कोडॅकचे साधे कॅमेरे) म्हटलं की ६२०, असं नाही: नंबर २ ब्राउनी १२०चा, तर सिक्स-२० ब्राउनी आणि ब्राउनी हॉकआय फ्लॅश ६२०चे. आपल्याकडे एकेकाळी घरोघरी असलेले आग्फा क्लिक थ्री आणि आयसोली १२०चे, त्यामुळे त्यांच्या मालकांना पुढची खटपट करायची गरजच नाही. शंका असेल तर आतल्या स्पूलची चकती पट्टीने मोजा. (२२० हा आणखी तिसरा प्रकार. त्यात फिल्मच्या मागे कागद नसतो, म्हणून फ्रेमचा आकडा दिसण्यासाठी मागे लाल खिडकी असलेल्या कॅमेऱ्यात तो घालूच नका.)

१२०चा रोल ६२०च्या कॅमेऱ्यात दाबून बसवला तर काय होतं? चकती कप्प्याच्या भिंतीला घासते, चावी जड फिरते, कागदाची कड चुरगळते आणि जोर लावला की फाटते. हॉकआय फ्लॅशमध्ये नव्या रोलच्या बाजूला १२० बहुतेक वेळा बसतो, पण गुंडाळणाऱ्या बाजूला ६२०चंच स्पूल लागतं. काही जण नेलकटरने प्लॅस्टिकच्या चकत्या कातरतात. काम भागतं, पण कड खडबडीत राहिली तर प्लॅस्टिकचे कण कॅमेऱ्यात पडतात, आणि जास्त कातरलं तर कडेने उजेड शिरतो. त्यापेक्षा फिल्म दुसऱ्या स्पूलवर गुंडाळून घेणं केव्हाही चांगलं.

त्यासाठी १२०चं एक रिकामं स्पूल आणि ६२०ची दोन हवीत: एकावर फिल्म गुंडाळायची, दुसरं कॅमेऱ्यात. धातूवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून पुसून घ्या. वाकलेली चकती कागद कापते. एखादा वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात दोनदा सराव करा. खरं काम पूर्ण अंधारात, लाल दिवाही नको, कारण आजच्या बहुतेक फिल्मना लाल उजेड दिसतो.

अंधारात रोलची चिकटपट्टी सोडून कागदाचं टोक रिकाम्या १२०च्या स्पूलमध्ये अडकवा आणि सगळा रोल त्यावर उतरवा. आता शेवटचं टोक बाहेर आलं. ते ६२०च्या स्पूलच्या खाचेत घालून पुन्हा गुंडाळा, कागदाची काळी बाजू आत ठेवून. काही फेऱ्यांनी फिल्मचं सुटं टोक हाताला लागेल. ते कागदाबरोबर सरळ आत जाऊ द्या. फिल्म कागदाला फक्त सुरुवातीच्या टोकाशी चिकटवलेली असते, आणि खरी गडबड तिथेच होते. दोन्हींचा ताण सारखा राहत नाही, म्हणून त्या टोकाच्या चिकटपट्टीपाशी फिल्मला फुगा येतो. तो तसाच दाबला तर घडी पडते. पट्टी हळूच सोडवा, फिल्म सपाट होऊ द्या, पुन्हा चिकटवा. पट्टी झटकन ओढली तर अंधारात बारीक ठिणगीसारखा उजेड पडतो आणि तेवढ्यानेही फिल्मवर डाग येऊ शकतो. शेवटपर्यंत अंगठ्याने ताण धरा. सैल रोलच्या कडांतून उजेड आत जातो आणि प्रिंटच्या काठावर पांढरट पट्टे येतात.

मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात चेंजिंग बॅगेत (आत उजेड न शिरणाऱ्या, बाह्यांतून हात घालायच्या पिशवीत) हात घातले की थोड्याच वेळात घाम फुटतो आणि फिल्मवर बोटांचे ठसे उमटतात. रात्री दिवे बंद केलेली, फटी बुजवलेली खोली बरी.

कॅमेऱ्यात रोल सावलीत भरा. मागच्या लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि आकडा पाहण्यापुरतीच ती उचला. ती खिडकी लाल उजेड न दिसणाऱ्या जुन्या फिल्मसाठी केलेली आहे. कडक उन्हात १०० किंवा १२५ आयएसओची फिल्म साध्या बॉक्स कॅमेऱ्याला पुरते. ढगाळ हवेत आणि पावसाळी सहलीला ४०० घ्या.

धुलाईत १२० आणि ६२० असा फरक उरत नाही, तीच टाकी, तीच रसायनं. पण लॅबमध्ये फिल्म काढली की रिकामं स्पूल सहज कचऱ्यात जातं, आणि तिथे बसलेल्या माणसाला ते वेगळं आहे हे कळायचं कारण नाही. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहा: ‘धातूचं स्पूल परत हवं’. देताना तोंडी सांगा आणि निगेटिव्ह घेताना आधी स्पूल मागून घ्या.