चुकारा, फी आणि प्रतिपूर्ती : विदर्भातील विद्यार्थी मोर्चांमागची गोष्ट

हिवाळी अधिवेशनात विद्यार्थ्यांचे मोर्चे नागपूरच्या मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपाशी अडवले जातात. कॉलेजच्याच नावाच्या चौकात फीचा मोर्चा थांबावा, हाही योगच. फलकांवरच्या मागण्या बदलतात, पण काही वर्षांपासून एक शब्द हटत नाही : प्रतिपूर्ती.

आंदोलन इथे नवे नाही. कृषी विद्यापीठ अकोल्यात व्हावे म्हणून 1967 साली वऱ्हाड रस्त्यावर उतरला, गोळीबारात माणसे गेली, आणि 1969 साली विद्यापीठ मिळाले. तेव्हा भांडण विद्यापीठ कुठे व्हावे याचे होते, फीचे नव्हते.

फीचे भांडण 1983 नंतरचे. शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी शेगाव, पुसद, सेवाग्राम इथे कॉलेजे उभी राहिली. पोराला पुण्याला धाडावे लागले नाही, हे श्रेय द्यायलाच हवे. पण फीचा आकडा कापसाच्या चुकाऱ्याकडे, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशाकडे, बघून ठरला नव्हता. एकाधिकार खरेदीत, म्हणजे सगळा कापूस सरकारलाच विकायच्या योजनेत, कापूस जाई एकदाच, पैसे येत हप्त्याहप्त्याने. फी मात्र जुलैत हवी. 1987 साली कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदा झाला. डोनेशन हा शब्द तरीही बोलीतून गेला नाही. पुढे 1993, 2002 आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आले. शेवटी उरलेले सार एवढेच की संस्थेने खर्चाप्रमाणे फी ठरवावी, नफेखोरी करू नये. खर्च किती, हे संस्थेच्याच हिशेबावरून समिती तपासणार.

आता प्रतिपूर्ती. शिष्यवृत्ती, फ्रीशिप, ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागासांची फी सवलत), प्रतिपूर्ती हे शब्द गावात एकाच अर्थाने वापरले जातात आणि घोटाळा तिथेच होतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती : फी आणि वर निर्वाह भत्ता. उत्पन्न त्यापुढे गेले की फ्रीशिप, म्हणजे भत्ता नाही. ज्याला लोक अजून ईबीसीच म्हणतात, त्यात उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आणि शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम. प्रतिपूर्ती यातली कोणतीच योजना नव्हे. शासनाने कॉलेजचे देणे नंतर भागवायचे, या व्यवहाराचे ते नाव. म्हणजे देणे शासनाचे, घेणे कॉलेजचे, आणि तारण राहतो विद्यार्थी : पैसे आले नाहीत की टीसी किंवा मार्कशीट अडते. कापसाचा चुकारा थकला की व्यापारी निदान बापाला भेटतो. इथे समोर कुणीच नसते.

2015 च्या सुमारास गडचिरोलीतला शिष्यवृत्ती घोटाळा बाहेर आला. कागदावरच्या विद्यार्थ्यांच्या नावाने पैसे उचलले गेले होते. त्यानंतर तपासण्या वाढल्या, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर गेले. 2021 पासून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार-जोडलेल्या खात्यात येऊ लागला, आणि त्यातली फी त्यानेच कॉलेजला भरायची. चोरी संस्थांनी केली, पण त्यापायी कागदांची चळत आली मुलांच्या डोक्यावर. ज्या घरात उसनवारी आधीच बसलेली असते, त्या खात्यात फीचे पैसे टिकवणे सोपे नाही.

विद्यापीठे बँकांत ठेवतात त्या ठेवींचा प्रश्न याला लागूनच आहे, पण त्यावर बोलणे कमी होते. या ठेवींत परीक्षा शुल्काचा पैसा मोठा असतो. दुष्काळात गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आले याचा सरकारी अंदाज, 50 च्या आत आली तर परीक्षा शुल्क माफ होई, तेही गावागावाने. वेशीपलीकडच्या पोराला नाही. पैसा ठेवायचा कुठे, याचा धडा इथल्या लोकांना 2002 साली मिळाला : नागपूर-वर्ध्याच्या जिल्हा बँकांनी दलालांमार्फत घेतलेले सरकारी रोखे हाती आलेच नाहीत आणि ठेवीदार अडकले. विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) हे विचारायला निवडून आलेले विद्यार्थी हवेत. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद पडल्या, 2016 च्या कायद्याने दार उघडले, 2019 साली ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या.

जुलै 2024 मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हॉस्टेल, मेस आणि एसटीचा पास त्यात नाही. प्रवेशाच्या वेळी या मुलींकडून फी मागू नका, हे कॉलेजांना बजावावे लागले.