लेवुका: पिवळे निशाण आणि यंगोनाची जुडी

टोंगाच्या वावाऊ बेटांवरून पश्चिमेकडे निघालेली शिडाची नौका आग्नेय व्यापारी वाऱ्यांच्या जोरावर सुमारे चारशे सागरी मैल कापून फिजीच्या ओवालाऊ बेटापाशी पोहोचते. तिथे प्रवाळाच्या कड्यातील खिंडीतून आत शिरल्यावर समोर लेवुकाचे जे बंदर दिसते, त्याला देखणे म्हणणे कठीण आहे. डोंगर मात्र अप्रतिम आहेत. थेट समुद्रातून उठलेले, हिरवेगार आणि माथ्यावर बहुधा ढग अडकलेले. त्यांच्या पायथ्याशी एकाच रस्त्याच्या कडेने लाकडी भिंतींची आणि पत्र्याच्या छपरांची जुनी दुकाने उभी आहेत. धक्क्याला मासेमारीच्या गंजलेल्या बोटी लागलेल्या असतात, शेजारच्या ट्यूना कारखान्याचा वास वाऱ्याबरोबर पाण्यावर पसरतो आणि त्याच्या यंत्रांची घरघर रात्रभर चालू राहते. बंदर बेटाच्या पूर्व अंगाला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाशी असल्यामुळे वारा वाढला की नांगरलेली नौका हेलकावे खाते. एवढे असूनही पॅसिफिकमधील भटके खलाशी लेवुकाचे नाव आपुलकीने घेतात, कारण किनाऱ्यावर पाऊल ठेवताच रस्त्यावरचा जवळजवळ प्रत्येक माणूस ‘बुला’ म्हणून स्वागत करतो.

या स्वागतापूर्वी मात्र नौकेला थांबावे लागते. लेवुका हे फिजीत प्रवेश करण्याच्या अधिकृत बंदरांपैकी एक आहे. बाहेरून येणारी नौका डोलकाठीच्या उजव्या अंगाला पिवळे निशाण चढवते, आणि आरोग्य, जैवसुरक्षा, सीमाशुल्क व इमिग्रेशन या खात्यांची तपासणी होईपर्यंत नौकेवरील कोणीही किनाऱ्यावर उतरत नाही. पुढे एखाद्या गावासमोर नांगर टाकायचा असेल तर दुसरी परवानगी लागते, ती गावच्या प्रमुखाची. तिला सेवुसेवू म्हणतात. पहिली रीत जगातील बहुतेक बंदरांत आहे आणि दुसरी फिजीच्या गावोगावी आहे. या दोन्हींमागे जे घडले, त्याचा फार मोठा भाग लेवुकाच्याच पाण्यात आणि किनाऱ्यावर घडला, आणि तो ठाऊक नसेल तर हे बंदर अर्धेच पाहिले असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपीय आणि अमेरिकी जहाजे फिजीत आली ती चंदनासाठी, आणि चंदन संपल्यावर समुद्रकाकडीसाठी. समुद्रकाकडी उकळून, धुरावर वाळवून चीनच्या बाजारात विकली जाई. 1820 च्या दशकात जहाजे सोडून आलेले काही गोरे खलाशी लेवुकात राहू लागले. अमेरिकेतील नॅन्टकेट बेटावरचा डेव्हिड व्हिपी हा त्यांच्यातील प्रमुख होता. ही वस्ती टिकली ती तोफांच्या बळावर नव्हे. स्थानिक प्रमुख तुई लेवुका याने आश्रय दिला म्हणून ती टिकली. या मंडळींनी फिजियन स्त्रियांशी लग्ने केली, होड्या बांधल्या, दुभाष्याचे काम केले. 1840 मध्ये चार्ल्स विल्क्स यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकी शोधमोहीम येथे आली तेव्हा तिला व्हिपीची मोठी मदत झाली. पाहुणेपण हा या वस्तीचा पाया होता, आणि यजमानाची मर्जी गेली की काय होते हेही तिने लवकरच अनुभवले. म्बाऊ बेटाचा बलाढ्य प्रमुख सेरू थाकोम्बाऊ याने 1844 मध्ये या गोऱ्यांना लेवुकातून हुसकावले, आणि पाच वर्षे वनुआ लेवू बेटावरील सोलेवू येथे काढल्यावर 1849 मध्ये ते परत आले. (रोमन लिपीत लिहिल्या जाणाऱ्या फिजियन भाषेत सी हे अक्षर थ असे उच्चारतात आणि बी च्या आधी म् चा उच्चार येतो, त्यामुळे नकाशावरची अक्षरे वाचणाऱ्याला ही नावे ऐकताना ओळखू येत नाहीत.)

सेवुसेवूची रीत या सगळ्याहून पुष्कळ जुनी आहे. यंगोना म्हणजे मिरीच्या कुळातील एक झुडूप. त्याच्या वाळलेल्या मुळ्यांची जुडी बाजारात वर्तमानपत्रात गुंडाळून, फितीने बांधून मिळते. पाहुणा ती प्रमुखाच्या हातात देत नाही. त्याच्यासमोर चटईवर ठेवतो, आणि प्रमुखाच्या वतीने बोलणारा माणूस तिला स्पर्श करून मंत्रासारख्या लयीत स्वीकाराचे शब्द म्हणतो. मग मुळ्यांची पूड पाण्यात कालवून, गाळून, नारळाच्या करवंटीतून एकेकाला दिली जाते. घेण्यापूर्वी एकदा आणि प्यायल्यावर तीनदा, ओंजळ पोकळ धरून टाळी वाजवायची असते. चव मातकट असते आणि जीभ थोडी बधिर होते. जुडी स्वीकारली गेली की पाहुणा गावाच्या संरक्षणाखाली येतो, आणि त्याच्या वागण्याची जबाबदारीही गाव अंगावर घेते. फिजीत जमिनीवर आणि प्रवाळाच्या कड्यापर्यंतच्या मासेमारीवर कुळांचा परंपरागत हक्क आहे. गावासमोर नांगर टाकणे म्हणजे कोणाच्या तरी अंगणात उतरणे होय.

1860 च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि फिजीच्या जमिनीवर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधून मळेवाल्यांची रीघ लागली. लेवुका त्यांचे बंदर झाले. 1858 मध्ये स्थापन झालेले सेक्रेड हार्ट हे कॅथलिक चर्च, 1868 चे पहिले मोठे दुकान, 1869 मध्ये सुरू झालेले आणि आजही निघणारे ‘फिजी टाइम्स’ हे वृत्तपत्र, ही सगळी याच काळाची अपत्ये आहेत. रॉयल हॉटेलही त्याच दशकातले. समुद्रालगतच्या बीच स्ट्रीटवर गुत्त्यांची इतकी दाटी झाली होती की, खिंडीतून तरंगत बाहेर येणाऱ्या जिनच्या रिकाम्या बाटल्यांच्या मागावर गेले तरी जहाजाला बंदर सापडे, अशी आख्यायिका अजून सांगितली जाते.

त्या बाटल्यांची गोष्ट मौजेची असली, तरी त्याच वर्षांत बेटाच्या अंतर्भागात घडलेली गोष्ट अत्यंत वेदनादायक आहे. ओवालाऊच्या मध्यभागी, जुन्या ज्वालामुखीच्या खोलगट मुखात लोवोनीचे खोरे आहे. तेथील लोक थाकोम्बाऊला शरण गेले नव्हते आणि लेवुकावर त्यांनी हल्लेही केले होते. 1871 मध्ये थाकोम्बाऊने गोऱ्या वसाहतवाल्यांच्या साथीने लेवुकात राज्यशासन उभारले आणि त्याच वर्षी लोवोनीच्या लोकांना समेटाच्या व मेजवानीच्या वचनावर खाली बोलावून कैद केले. त्यांना मळेवाल्यांना मजूर म्हणून विकण्यात आले आणि कुटुंबे वेगवेगळ्या बेटांवर विखुरली गेली. ज्या समाजात पाहुण्याला दिलेले अन्न हे अभयदानच समजले जाते, तेथे मेजवानीचाच सापळा झाला, हे लोवोनीत आजही विसरलेले नाही.

कर्ज, अमेरिकेच्या नुकसानभरपाईच्या मागण्या आणि मळेवाल्यांची बेबंदशाही यांनी जेरीस आलेल्या थाकोम्बाऊने आणि इतर प्रमुखांनी 10 ऑक्टोबर 1874 रोजी लेवुकालगतच्या नासोवा येथे फिजी ब्रिटिश राजसत्तेच्या हवाली केले. न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर सर हर्क्युलिस रॉबिन्सन यांनी ब्रिटनच्या वतीने सही केली. त्या जागी आज स्मारकशिला आहे, आणि 96 वर्षांनी, 10 ऑक्टोबर 1970 याच तारखेला, फिजी स्वतंत्र झाले.

हस्तांतरणानंतर थाकोम्बाऊ आपल्या मुलांसह सिडनीला गेला. परतीच्या प्रवासात त्यांच्याबरोबर गोवर आला. ‘डायडो’ ही युद्धनौका जानेवारी 1875 मध्ये लेवुकात पोहोचली तेव्हा नौकेवर आजारी माणसे होती. तरीही पिवळे निशाण चढले नाही, कोणाला विलग ठेवले गेले नाही, आणि राजाला भेटायला लोक नौकेवर ये-जा करत राहिले. त्यानंतर लवकरच देशभरातील प्रमुखांची मोठी सभा भरली आणि तेथून प्रत्येक जण रोग घेऊन आपापल्या गावी परतला. गोवर यापूर्वी कधीच न आलेल्या या लोकसंख्येत त्याला अडवणारे काही नव्हते. घरातील सगळेच एकाच वेळी आजारी पडल्यामुळे पाणी द्यायला, शेतातून कंद आणायला, मेलेल्यांना पुरायलाही कोणी उरले नाही. काही महिन्यांत सुमारे 40,000 माणसे मेली, म्हणजे देशातील चारांतील किमान एक. ब्रिटनशी नाते जोडल्याची ही फळे आहेत असे अनेकांना वाटले, आणि त्या शोकाकुल लोकांना तसे वाटले यात नवल नाही. एका नौकेने काही दिवस नांगरावर थांबण्याचे टाळले, त्याचे हे मोल होते.

चार वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि या वेळी उत्तर वेगळे मिळाले. पहिले गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांनी फिजियन लोकांना मळ्यांवर राबवू द्यायचे नाही असे ठरवले होते. मॉरिशस आणि त्रिनिदादमधील आपल्या अनुभवावरून त्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणण्याची व्यवस्था केली. ‘लिओनिडास’ हे शिडाचे जहाज 3 मार्च 1879 रोजी कलकत्त्याहून सुटले आणि 72 दिवसांनी, 14 मे रोजी, लेवुकासमोर आले. वाटेत जहाजावर पटकी आणि देवी यांची साथ पसरली होती. गोवराची आठवण ताजी असल्यामुळे जहाज किनाऱ्यापासून दूर ठेवण्यात आले, पहाऱ्याच्या होड्या नेमण्यात आल्या, आणि उतारूंना जवळच्याच यानुथा लाइलाइ या छोट्या बेटावर ठेवण्यात आले. तिथे तात्पुरते निवारे, अपुऱ्या सोयी आणि आणखी काही मृत्यू असे दिवस काढून ते 463 स्त्री-पुरुष आणि मुले फिजीच्या भूमीवर आली. स्थानिक लोकांचे प्राण या खबरदारीने वाचले, हे खरेच आहे. पण पाहुणा म्हणून नव्हे, तर पाच वर्षांच्या कराराने बांधलेला मजूर म्हणून आलेल्या या माणसांसमोर कोणी यंगोनाची करवंटी धरली नाही, हेही तितकेच खरे आहे. करार म्हणजे ‘ॲग्रीमेंट’, त्याचा अपभ्रंश ‘गिरमिट’, आणि ते ‘गिरमिटिया’. 1916 पर्यंत असे साठ हजारांहून अधिक लोक फिजीत आले.

त्यांच्यात मराठी माणसे फारच थोडी होती. बहुसंख्य लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधील, आणि 1903 पासून मद्रासकडचे होते. परंतु ही प्रथा मोडण्याच्या लढ्यात एक मराठी नाव अग्रभागी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी 4 मार्च 1912 रोजी केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरीसाठीची भरती पूर्णपणे बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. त्याच मागणीचा पंडित मदनमोहन मालवीय यांचा ठराव सरकारने तत्त्वतः मान्य केला तो 1916 मध्ये, गोखल्यांच्या निधनानंतर. फिजीतील उरलेले करार 1 जानेवारी 1920 रोजी रद्द झाले. आज लेवुकाच्या दुकानात फिजी हिंदीत भाव सांगणारा माणूस भेटला, तर त्याच्या घराण्याचा या देशातील इतिहास बहुधा त्याच समुद्रवाटेने सुरू झालेला असतो.

बंदराचे वैभव मात्र तोवर ओसरू लागले होते. मागे उभा डोंगर आणि पुढे समुद्र यांच्यामध्ये शहर वाढायला जागाच नव्हती. म्हणून राजधानी सुवाला नेण्याचा निर्णय झाला आणि 1882 मध्ये सरकार तिकडे गेले. खोबऱ्याच्या व्यापारावर लेवुका आणखी काही दशके तग धरून राहिले, पुढे तोही आटला. 1960 च्या दशकात सुरू झालेल्या ट्यूना उद्योगाने शहराला जगवले. नौकेवरच्या माणसाला खटकणारा तो वास शेकडो घरांच्या चुलीशी जोडलेला आहे. पैसा नसल्यामुळे जुनी घरे पाडून नवी बांधली गेली नाहीत, आणि याच कारणाने 22 जून 2013 रोजी युनेस्कोने लेवुकाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. फिजीला मिळालेला हा पहिलाच मान होता. 20 फेब्रुवारी 2016 रोजी विन्स्टन चक्रीवादळाने बेटाला झोडपले. छपरे उडाली, आणि लाकडी इमारतींची डागडुजी ही इथली कायमची चिंता झाली.

पिवळ्या निशाणाचा अर्थ 2020 मध्ये साऱ्या जगाला नव्याने कळला. कोविडमुळे पॅसिफिकमधील बहुतेक बंदरे बंद झाली, तेव्हा फिजीने ‘ब्लू लेन’ या नावाने शिडाच्या नौकांसाठी एक वाट उघडली. समुद्रावर घालवलेले दिवस विलगीकरणात धरायचे, उरलेले नांगरावर काढायचे आणि मग तपासणी करून प्रवेश द्यायचा, अशी ती योजना होती. प्रवेशाचे बंदर डेनाराऊ ठरले, लेवुका नव्हे; पण ज्या देशाने गोवरात आपली चतुर्थांश माणसे गमावली, त्याने पाहुण्याला न नाकारता थांबवण्याची रीत शोधावी, हे मला त्या देशाच्या स्वभावाला धरून वाटते.

लेवुकाच्या नांगरवाड्यावर अंधार पडला की चर्चच्या मनोऱ्यावरचा दिवा लागतो. तो आणि मागच्या डोंगरावरचा दुसरा दिवा एका रेषेत धरून जहाजे आजही खिंड ओळखतात. मनोऱ्यातील घड्याळ दर तासाला दोनदा ठोके देते, मध्ये एका मिनिटाचे अंतर ठेवून, त्यामुळे पहिल्या वेळी मोजणी चुकलेल्या खलाशाला पुन्हा मोजता येते. सकाळी अधिकारी येऊन कागद पाहून गेले की पिवळे निशाण उतरते, त्याच दोरीवर फिजीचा ध्वज चढतो आणि छोटी होडी किनाऱ्याकडे निघते. पहिली खेप बहुधा बाजारापर्यंतच असते: केळी, पपई, आणि पुढच्या गावासाठी यंगोनाची एक जुडी.